अनुमन्ता : नरकाच्या परिभाषेतील एक शब्द

नोबुओ नाकागावा या जपानी दिग्दर्शकाचा 'जिगोकू' हा चित्रपट १९६० च्या जुलै महिन्यात जपानमध्ये प्रदर्शित झाला. शिन्तोहो या चित्रसंस्थेने काढलेल्या अखेरच्या चित्रपटांपैकी तो एक होय. पुढच्याच वर्षी त्या संस्थेचे दिवाळे निघाले. 'जिगोकू' म्हणजे नरक. या चित्रपटाची ख्याती मुख्यतः त्याच्या उत्तरार्धातील नरकदृश्यांमुळे झाली आहे, आणि भयपटांचे अभ्यासक त्याचा उल्लेख त्याच कारणाने करतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती दृश्ये नव्हेत. चित्रपटाच्या नायकाला नरकात का जावे लागते, हा साधा प्रश्न विचारला असता जे उत्तर मिळते, त्या उत्तरासाठी आपल्या शिलाशासनांच्या व ताम्रपटांच्या भाषेत एक नेमका शब्द आहे. तो शब्द, त्याची घडण आणि मराठीत त्याचे पुढे काय झाले, हे येथे पाहावयाचे आहे. हिंगणघाटच्या मनुष्याने या विषयात पडण्यास स्थानिक कारणही आहे. ते यथाक्रम येईलच.

प्रथम कथानक. शिरो हा तोक्यो येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करणारा विद्यार्थी. ज्यांच्या वर्गात तो निरनिराळ्या धर्मांतील नरककल्पनांवरील व्याख्यान ऐकतो, त्या प्राध्यापक याजिमा यांच्याच कन्येशी, युकिकोशी, त्याचा विवाह ठरलेला आहे. एका रात्री तो तामुरा नावाच्या सहाध्यायाच्या मोटारीतून परत येत असतो. शिरोच्या सांगण्यावरून गाडी आडरस्त्याला वळते, आणि दारूच्या नशेत रस्त्यावर आलेला क्योइची नावाचा एक गुंड गाडीखाली सापडून मरतो. तामुरा गाडी थांबवीत नाही. त्याला यत्किंचितही खंत नाही. शिरोला मात्र ती आहे. तो युकिकोला सर्व सांगतो आणि पोलिसांत जाण्याचे ठरवतो. चालत जाऊ असे युकिको म्हणत असता तो टॅक्सीचा आग्रह धरतो, त्या टॅक्सीला अपघात होतो आणि युकिको मरते. येथून पुढे आजारी आईच्या निमित्ताने शिरो ज्या वृद्धाश्रमात जातो, तेथील प्रत्येक मनुष्याच्या खाती काही ना काही पाप जमा आहे: रोगनिदानात हयगय करणारा डॉक्टर, बाहेरख्याली बाप, आणि मागाहून येऊन दाखल होणारे खुद्द प्राध्यापक याजिमा, ज्यांनी युद्धात मरणोन्मुख सहकाऱ्याचे पाणी स्वतः पिऊन टाकलेले असते. क्योइचीच्या आईने सूड घेण्याचे योजलेले असते. अखेर एका रात्री सगळेच मरतात, आणि घड्याळ नऊवर थांबते. उरलेला चित्रपट नरकात घडतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सबंध कथेत शिरोने स्वतःच्या हाताने कोणालाही मारलेले नाही. गाडीचे चक्र तामुराच्या हाती होते. टॅक्सी टॅक्सीवाला चालवीत होता. शिरो दोन्ही वेळा शेजारी किंवा मागे बसलेला आहे. रस्ता त्याने सुचवला, वाहन त्याने सुचवले, आणि पहिल्या खेपेस गाडी थांबली नाही तेव्हा तो उतरला नाही. आधुनिक न्यायालयात त्याच्यावर कोणता आरोप टिकला असता, हा वादाचा विषय होईल. नरकात मात्र वाद होत नाही. तामुरा आणि शिरो या दोघांनाही एन्मा एकाच प्रदेशात लोटतो.

या एन्माची ओळख मराठी वाचकास करून देण्याची गरज नाही; तो आपला यम. चीनमार्गे जपानात जाताना त्याच्या नावात थोडा फेर पडला इतकेच. 'जिगोकू' या शब्दाची कथा निराळी आहे. संस्कृत 'नरक' शब्द चिनी बौद्ध भाषांतरकारांपुढे आला तेव्हा त्यांनी तो दोन वाटांनी घेतला. एका वाटेने त्याचा अर्थ सांगितला: 'भूमी' आणि 'कारागृह' या अर्थांची दोन अक्षरे जोडून नवा शब्द केला. त्याचा जपानी उच्चार जिगोकू. म्हणजे शब्दशः भू-कारा. दुसऱ्या वाटेने त्यांनी केवळ ध्वनी उचलला, आणि त्यातून जपानीत 'नाराकू' हा शब्द आला. हा दुसरा शब्द आजही जिवंत आहे, पण कोठे? काबुकी नाट्यगृहात रंगमंचाखालच्या तळघराला नाराकू म्हणतात. नट तेथून वर येतात आणि तेथेच लुप्त होतात. आपला नरक जपानात जाऊन नाट्यगृहाचे तळघर झाला, हे ऐकून यास्काला आनंद वाटला असता. कारण निरुक्तात त्याने नरक शब्दाची जी पहिली व्युत्पत्ती दिली आहे ती 'खाली जाणे' अशीच आहे. (दुसरी व्युत्पत्ती त्याहून उदास आहे: जेथे रमण्यास अल्पही जागा नाही ते.)

आठ महानरकांच्या नावांतही हेच दिसते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील एकवीस नरकांच्या यादीत संजीवन, कालसूत्र, संघात, रौरव, महारौरव, तपन, संप्रतापन आणि महावीचि ही नावे आहेत; बौद्ध परंपरेतील अष्ट महानरकांची नावे जवळजवळ हीच. गेन्शिन या भिक्षूने ९८५ साली लिहिलेल्या 'ओजोयोशू' या ग्रंथामुळे ही नावे जपानी मनात रुजली. तेथे कालसूत्राचा कोकुजो, म्हणजे काळा दोर, झाला. रौरवाचा क्योकान, म्हणजे आक्रोश, झाला. 'रु' धातूचा अर्थ ओरडणे असा असल्याने हे भाषांतर निर्दोष आहे. तपनाचा शोनेत्सु, म्हणजे भाजून काढणारी उष्णता, झाला. अवीचि मात्र अबी या ध्वनिरूपाने आणि मुगेन, म्हणजे निरंतर, या अर्थरूपाने अशा दोन्ही रूपांनी राहिला. मराठीने या आठांपैकी रौरव तेवढा बोलण्यात ठेवला आणि बाकीचे पुराणिकांच्या स्वाधीन केले. शब्द परदेशी जाऊन टिकावेत आणि घरी विरावेत, हे भाषाभ्यासकाला नवे नाही.

आता स्थानिक कारणाकडे वळू. नागपूर-वर्धा भागावर इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांचे राज्य होते. द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्यकारभार पाहत असता तिने दिलेला एक ताम्रपट पुण्यात हाती आला. त्यात सुप्रतिष्ठ नावाच्या आहारातील दंगुण हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे, आणि हे दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट असे अभ्यासकांनी मानले आहे. याच तालुक्याच्या परिसरात जांब येथे तिच्या पुत्राचा, द्वितीय प्रवरसेनाचा, ताम्रपट मिळाला. त्यातही सुप्रतिष्ठ आहाराचे नाव आहे आणि दान दिलेल्या कोथुरक गावाच्या चतुःसीमेत मंडुकिग्राम, चिंचापल्ली, बोंथिकवाटक ही गावे व उमा नदी येतात. डॉ. वा. वि. मिराशी यांनी यांतील मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव व उमा म्हणजे आपली वणा अशी ओळख पटवली.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मंडुकिग्रामाचे मांडगाव होणे अगदी नियमित आहे. चिंचापल्लीची चिंचोली होणेही तसेच, कारण 'पल्ली'तील प-कार मृदू होऊन मागील स्वरात मिसळतो आणि '-ओली' हे रूप उरते. दंगुणाचे हिंगण होणे मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. आरंभीच्या द-काराचा ह-कार होण्याचे उदाहरण या भागातील ग्रामनामांत मला आढळलेले नाही. तेव्हा ही ओळख खरी असल्यास ती भूगोलाच्या आधारावर खरी आहे; शब्दाच्या आधारावर नाही. हिंगणघाट हे नाव हिंगणाच्या झाडावरून स्वतंत्रपणे पडले असणे मला अधिक संभाव्य वाटते. पण हा वाद येथे पुरे. ज्या भूमीवर हे गाव उभे आहे ती दानशासनांच्या टापूतली आहे, एवढे निर्विवाद आहे, आणि आपल्या विवेचनाला तेवढेच हवे.

या दानशासनांच्या अखेरीस शापात्मक श्लोक घालण्याची प्रथा होती. पुढील विवेचनासाठी द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटाचा पाठ धरला आहे. हा ताम्रपट अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ १८६८ साली सापडला. प्रवरपुराहून, म्हणजे मिराशींच्या मते आपल्या पवनारहून, राज्याच्या अठराव्या वर्षी तो दिला गेला. चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना त्यायोगे मिळाले. अखेरीस व्यासाच्या नावावर दोन श्लोक आहेत. दुसऱ्या श्लोकाचा आशय असा: भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात आनंद भोगतो, दान दिलेली भूमी हिरावून घेणारा आणि त्यास अनुमती देणारा, हे दोघे तितकीच वर्षे नरकात राहतात. हा श्लोक वाकाटकांचा खास नव्हे. भारतभरच्या शेकडो दानपत्रांत तो थोड्याफार पाठभेदाने येतो. इतका सरावाचा, की ताम्रपटांचे वाचक त्यावरून नजर पुढे नेतात. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तेच केले.

श्लोकातील दोन कर्तृवाचक नामे पाहा: आच्छेत्ता आणि अनुमन्ता. पहिला हिरावून घेणारा, दुसरा त्याला संमती देणारा. दोन्ही शब्द पाणिनीच्या 'तृच्' प्रत्ययाने घडलेले आहेत, म्हणजे दोघेही व्याकरणदृष्ट्या सारखेच 'कर्ते' आहेत. संमती ही घडलेली अवस्था नसून केलेली क्रिया आहे, असे हे रूप सांगते. श्लोककर्त्याला 'अनुमत' किंवा 'संमत' अशी भूतकालवाचक, निष्क्रिय रूपे उपलब्ध होती. त्याने ती घेतली नाहीत. दोन्ही नामांमागे 'च' हे अव्यय स्वतंत्रपणे आले आहे, त्यामुळे दुसरा पहिल्याच्या शेपटाला बांधलेला राहत नाही, त्याची गणना वेगळी होते. आणि वर्षांच्या संख्येविषयी बोलताना 'एव' आहे: तीच वर्षे, तितकीच. संमती देणाऱ्याला सूट नाही.

ही समानता धर्मशास्त्रात सर्वत्र आहे असे नाही. आपस्तंब धर्मसूत्रात प्रेरक, संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा असे तिघेही स्वर्ग-नरकाच्या फळाचे वाटेकरी सांगितले आहेत, पण ज्याचा कर्मातील भाग अधिक त्याला फळही अधिक, अशी पुस्ती तेथे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाच्या संदर्भात आठ जणांना घातक म्हटले आहे: कापणारा, विकणारा, शिजवणारा, खाणारा इत्यादी, या यादीचा आरंभ मात्र अनुमन्त्यापासून होतो. योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित व अनुमोदित असे तीन प्रकार केले आहेत. म्हणजे शेजारी बसणाऱ्याचा प्रश्न प्राचीनांना चांगलाच ठाऊक होता, आणि त्यांनी त्याची विभागणीही केली होती. ताम्रपटाचा श्लोक त्यांत सर्वांत कठोर आहे. याचे कारण व्यावहारिक असावे. दान देणारा राजा आपल्या हयातीपुरता बलवान असतो; पुढच्या राजाला बांधून ठेवण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. शिवाय जमीन हिरावून घेण्याचे काम कोणताही राजा एकट्याने करीत नाही. त्याला आज्ञापत्र लिहिणारा लेखक लागतो, शिक्का उठवणारा अधिकारी लागतो, शीव दाखवणारा गावकरी लागतो, आणि सभेत मान हलवणारे पुष्कळ जण लागतात. श्लोक राजापेक्षा या लोकांना उद्देशून अधिक आहे. राजाला नरकाचे भय वाटो न वाटो, लेखकाला वाटले तरी दान वाचते.

येथे जपानी 'भू-कारा' या शब्दाची आठवण होते. भूमी हिरावणाऱ्याला भूमीच्याच कारागृहात टाकावे, हा श्लेष ना चिनी भाषांतरकाराच्या मनात होता ना ताम्रपटाच्या लेखकाच्या. दोन शब्द शेजारी ठेवल्यावर तो आपोआप दिसतो.

या शब्दाकडे पुन्हा वळून पाहण्यास प्रस्तुत लेखकाला केवळ ताम्रपट कारण झालेला नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीतून रात्री नागपूरहून हिंगणघाटकडे येत असता गाडीला काहीतरी धडकले. पाऊस होता. मित्राने वेग कमी केला आणि जनावर असावे असे तो म्हणाला. मागे पाहिले तर काळोखाखेरीज काही दिसले नाही. मित्राने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "चला." दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरचे आठ दिवस मी वर्तमानपत्रांतील अपघातांच्या बातम्या वाचल्या. त्या जागेची बातमी नव्हती. जनावरच असेल. पण ते पाहिले कोणी नाही. मित्राला हा प्रसंग आज आठवतही नाही. मी तो एकदा काढला तेव्हा त्याने विषय बदलला, आणि मीही तो बदलू दिला.

'जिगोकू' पाहताना मला त्या 'चला'चे व्याकरण प्रथमच उमगले. शाळेत आपण शिकवतो की 'चला' हे आज्ञार्थाचे द्वितीय पुरुषी अनेकवचन. प्रयोगात मात्र त्यात बोलणारा स्वतःला धरतो. 'चला, निघू या' असे म्हणणारा मागे राहत नाही. 'चल', 'जा', 'थांबू नको' यांपैकी काही म्हटले असते तर व्याकरणाने तरी मला गाडीबाहेर ठेवले असते. त्या एका शब्दात आज्ञा नव्हती, अनुमती होती, आणि अनुमती देणारा तिच्यात समाविष्ट होता. संस्कृतातील 'अनु' या उपसर्गाचा अर्थ कोशकार 'मागून, बरोबर, अनुसरून' असा देतात. दुसऱ्याच्या मनामागून आपले मन चालवणे म्हणजे अनुमनन.

मराठीने या शब्दाचे काय केले? बाराव्या शतकाकडे आलो की दानशासनांच्या भाषेत एक मोठा पालट दिसतो. शिलाहार अपरादित्याचा परळ येथील शके ११०८ चा शिलालेख आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्याचा मजकूर संस्कृत आहे, पण अखेरचा शाप मराठी आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या ग्रंथाने अशा लेखांचे वाचन सर्वांना सुलभ केले. परळच्या शापात शासन लोपणाऱ्यावर श्रीवैद्यनाथ देवाचा भाला सकुटुंब पडो असे म्हटले आहे, आणि पुढे त्याच्या मातेसंबंधी गर्दभाचा जो उल्लेख येतो तो येथे उतरण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडणाऱ्या गधेगाळांवर तोच शाप चित्ररूपाने कोरलेला असतो: वर चंद्र, सूर्य व कलश, मध्ये मजकूर आणि खाली ते शिल्प.

दान संस्कृतात द्यावे आणि धमकी मराठीत, असा हा कारभार आहे. समजावयाचे असेल ते लोकांच्या भाषेत सांगावे, हे कोरणाऱ्याला पुरते कळलेले होते. पण भाषा बदलताच दंडही बदलला. संस्कृत श्लोकाचा नरक मेल्यानंतरचा होता आणि तो ज्याचा त्याला भोगावयाचा होता. मराठी शापाचा दंड याच लोकीचा आहे आणि तो आईच्या द्वारे, कुळाच्या द्वारे पोहोचतो. एक अपराधाची भाषा आहे, दुसरी अप्रतिष्ठेची. आणि या बदलात अनुमन्ता गळाला. मराठी शाप 'जो कोणी' शासन मोडील त्याला आहे. मोडणाऱ्याला मान डोलावणाऱ्याचा त्यात निर्देश नाही. अप्रतिष्ठा ही दिसणाऱ्याची होते. शेजारी बसलेला दिसत नाही. उत्तरकालीन मराठी सनदांत गाईची आणि सुवराची शपथ घातलेली आढळते, तिचा रोखही धर्मभ्रष्टतेवर आहे, नरकावर नाही.

अनुमन्ता शब्द मराठीच्या चालू व्यवहारात आज नाही. त्याचा जवळचा भाऊ मात्र सुस्थितीत आहे. कोणत्याही सहकारी संस्थेच्या, शाळेच्या वा विद्यापीठाच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली दोन नावे असतात: सूचक आणि अनुमोदक. अनुमोदक हे रूप 'ण्वुल्' प्रत्ययाने होते, आणि पाणिनीने 'ण्वुल्' व 'तृच्' हे दोन्ही कर्तृवाचक प्रत्यय एकाच सूत्रात सांगितले आहेत. धातू मात्र भिन्न आहेत: अनुमन्त्याचा 'मन्' म्हणजे विचार करणे, अनुमोदकाचा 'मुद्' म्हणजे आनंद पावणे. हाच 'मुद्' ताम्रपटाच्या श्लोकात दात्याच्या स्वर्गसुखासाठी योजलेला आहे. नरकात जाणारा धातू सोडून स्वर्गात जाणारा धातू आपण इतिवृत्तासाठी निवडला, यात कोणाचा हेतू नसेल. पण ठरावाखाली अनुमोदक म्हणून नाव घालताना आपण काही केले आहे असे कोणालाच वाटत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला अनुभवाने माहीत आहे. कायद्याच्या मराठीत 'अपप्रेरणा' हा शब्द आहे. तो भारतीय दंड संहितेच्या भाषांतराने आणला. परंतु अपप्रेरणेत चिथावणे, कट करणे किंवा साहाय्य करणे यांपैकी काहीतरी लागते. नुसते 'चला' म्हणणारा त्या कक्षेत बहुधा येत नाही.

शब्द गेला म्हणजे कल्पना गेली असे म्हणण्याची भाषाभ्यासकाने घाई करू नये. नरकाची परिभाषा मराठीत दुसऱ्या ठिकाणी उतरली आहे. अपराधभावनेसाठी आपण कोणते शब्द वापरतो? पश्चात्ताप, अनुताप, परिताप. या सर्वांत 'तप्' धातू आहे, आणि तोच तपन व संप्रतापन या नरकनामांत आहे. जपानीत जो शोनेत्सु झाला त्या नरकाची धग मराठी मनुष्य 'पश्चात्ताप' म्हणताना उच्चारतो. याच शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप 'पस्तावा'. त्याचा अर्थ मात्र उतरला आहे: 'ही गाय घेऊन पस्तावलो' असे आपण म्हणतो, म्हणजे पाप केल्याची नव्हे तर सौदा फसल्याची ती भाषा झाली. 'संताप' या शब्दाने तर दिशाच बदलली. संस्कृतात तो अंतर्दाह होता. मराठीत तो दुसऱ्यावर काढावयाचा राग आहे. 'ताप' म्हणजे ज्वर किंवा उपद्रव. 'मनस्ताप' दुसऱ्यामुळे होतो. स्वतःच्या कर्माने स्वतः भाजणे हा अर्थ पश्चात्ताप व अनुताप या दोनच शब्दांनी धरून ठेवला आहे, आणि त्यांतही 'अनुताप' आज कीर्तनाबाहेर क्वचित ऐकू येतो. या शब्दातला 'अनु' आणि अनुमन्त्यातला 'अनु' एकच आहे. जो मागून चालला तो मागून जळतो.

तत्सम शब्दांच्या खाली देशी बोलीचा थर आहे, आणि तो मला अधिक विश्वसनीय वाटतो. 'मनाला टोचणी लागली', 'सल राहिला', 'मन खाते', 'आत कुरतडते'. सल म्हणजे शल्य, शरीरात रुतून राहिलेले टोक. जपानी नरकचित्रांत सुयांचा डोंगर असतो, गरुडपुराणाच्या नरकांत खाणारे किडे व पक्षी असतात. ज्या यातना चित्रकाराने मृत्यूनंतरच्या प्रदेशात रंगवल्या त्या सर्व आपल्या बोलीने छातीच्या पिंजऱ्यात आणून ठेवल्या आहेत. आमच्याकडची म्हातारी माणसे गरुडपुराण न वाचताही हे शब्द बिनचूक वापरतात. दिवाळीतील नरकचतुर्दशीचा नरक हा असुर असल्याने त्याचा या प्रदेशाशी संबंध नाही. तरी त्या दिवशी पहाटे जो न्हात नाही तो नरकात जातो, असे सांगून मुलांना उठवताना हे दोन नरक सरमिसळ होतातच.

चित्रपटाच्या उत्तरार्धाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यातील दृश्यांचा अतिरेक वेगळा भासतो. नाकागावाने नरकाचा देखावा मोकळ्या अंधारात थोडक्या साहित्यावर उभा केला आहे. सोलले गेलेले देह आणि उकळत्या कढया आज पाहणाऱ्याला किंचित बालिशही वाटतात. भीती तेथे नाही. ती शिरोच्या धावण्यात आहे. नरकात त्याला कळते की, युकिको मेली तेव्हा तिच्या पोटी त्याचे मूल होते. ते अर्भक नदीवरून वाहत जात असते आणि शिरो त्याच्यामागे धावतो. तामुराही त्याच नरकात आहे, पण तामुरा धावत नाही; त्याला धरण्यासारखे काही उरलेले नाही. कर्ता आणि अनुमन्ता यांना दंड सारखा असला तरी दोघांचा नरक एकच नसतो, असे दिग्दर्शकाला म्हणावयाचे असावे. चम्मक ताम्रपटाच्या लेखकाने हा भेद केला नसता. आपस्तंबाने तो वेगळ्या दिशेने केला असता.

अखेरीस ते अर्भक एका मोठ्या फिरत्या चक्रावर दिसते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे, वाकाटक हरिषेणाच्या एका मांडलिकाने ते लेणे कोरविले. चक्राचा बराच भाग आता झडून गेला आहे. जपानी चक्र शाबूत आहे आणि फिरत आहे. शिरो त्यावर चढतो, मुलाकडे हात पुढे करतो. घड्याळ नऊवरच आहे. हात पोहोचला की नाही हे न दाखवताच चित्रपट संपतो.